नखं, डिझेल आणि मधली जागा

गिटारच्या क्लासात सूर किती साचतात ते सांगता येत नाही, किस्से मात्र भरपूर साचतात. कुणी चहाला बसलं की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा. नव्वदच्या दशकात मी पुण्यात क्लासिकल गिटार शिकून जुन्नरला परत आलो आणि बाजारपेठेत एका खोलीत क्लास काढला. घरचे म्हणाले, "इथं कोण येणार?"

आले राव. शेतकरी आले, गुरुजी आले, दुकानदाराची सून आली. अजूनही नवा विद्यार्थी पहिल्या दिवशी विचारतो, "सर, प्रॅक्टिस कशी करायची?" मी नियम सांगतो. नियम माझेच आहेत आणि बरोबरच आहेत. या लोकांनी त्यांचं काय केलं ते सांगतो.

*

आळे गावचा दत्ताभाऊ म्हणजे टोमॅटो, कांदा आणि दोन म्हशी. त्याला सांगितलं, या गिटारीच्या नायलॉनच्या तारा उजव्या हाताच्या नखांनी छेडायच्या. तेव्हा उजवी नखं वाढवायची, डावी कापायची. पंधरा दिवसांनी आला तर दोन्ही हातांची नखं साफ.

"सर, धार काढताना नख टोचतं. म्हस लाथ घालती."

"मग धारा घरात दुसऱ्या कुणाला तरी काढू द्या."

पुढच्या रविवारी त्याची बायकोच क्लासच्या दारात उभी. "मास्तर, ह्यांची नखं किती दिस वाढवायची?"

"ताई, गिटार आहे तोवर."

"मग म्हशींच्या धारा काढायला तुमी येत जा."

शेवटी दत्तानं स्वतःच तोडगा काढला. एकट्या डाव्या हातानं धारा काढायला लागला. वेळ दुप्पट लागायचा, पण चार महिन्यांत त्याचा डावा हात असा तयार झाला की एका बोटानं सहाच्या सहा तारा दाबायचा. एक तार बोंबलायची नाही. पुण्यात मला याला वर्ष लागलं होतं. तेव्हापासून कुणाचा डावा हात कच्चा दिसला की मी म्हैस सुचवतो.

*

याच दत्ताला मी एकदा झापलं. सहा दिवस गिटारीला हात लावायचा नाही आणि रविवारी सलग तीन तास बसायचा. म्हटलं, रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज! "दत्ताभाऊ, म्हशीला आठवड्याचं पाणी रविवारी एकदम पाजता का?"

त्यानं शांतपणे विचार केला. "नाय सर. पण म्हस वरडती. गिटार वरडत न्हाई."

मी पुढचा धडा काढला.

*

बेल्ह्याचे गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि एम-एटी मोपेड दामटत क्लासला यायचे. पाठीवर गिटारची काळी पेटी. हात भलताच घाईचा. त्यांना म्हटलं, इतकं सावकाश वाजवा की चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही, आणि ठोक्यावर वाजवा. ठोका देणारं यंत्र क्लासात एकच होतं, ते मी कुणाला देत नसे. गुरुजींनी मळ्यातल्या विहिरीवरच्या इंजिनाशेजारी खुर्ची टाकली. इंजिनाच्या चार ठोक्यांना एक सूर!

दोन महिन्यांनी वाजवून दाखवलं. मी थक्कच झालो. लय ठाम, आणि शेवटाला सूर असे हळूहळू लांबत जाऊन विरले की मी डोळे मिटले. असलं तर मी शिकवलंही नव्हतं.

"गुरुजी, शेवटाला हे मंदावत जाणं कुठं शिकलात?"

"तिथं डिझेल संपतं, सर."

*

स्वतःचं वाजवणं टेप करून ऐका, हा माझा लाडका नियम. एक दिवस गुरुजी म्हणाले, "सर, तुमचं ऐकवा की एकदा." मी घरी टेप लावून झोकात वाजवलं आणि आधी बायकोला ऐकवलं.

"वाजवतोयस छान. पण मागं लाकडं कोण फोडतंय?"

माझा पाय होता तो. ती कॅसेट क्लासात काही गेली नाही.

*

आता संगीतावहिनी. पेठेतल्या जैन कापड दुकानदाराची सून. गिटार माहेराहून बरोबर घेऊन आलेली. दुकान खाली, घर वर. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की त्या वर वाजवायला बसायच्या आणि सासरे, म्हणजे बाऊजी, खाली गादीवर असायचे. बाऊजींनी कधी नको म्हटलं नाही, कधी बरंही म्हटलं नाही. वहिनींच्या मनाला तेच लागायचं. एकदा मला म्हणाल्या, "सर, त्यांनी एक शब्द बोलावा. चांगला नाही तर वाईट, पण बोलावा."

वहिनींची एक संथ रचना वर्षभर चालली होती. मधे एका जागी बोटं अडायची. मग चार मात्रा मागं जायच्या, परत अडायच्या, परत मागं, आणि तिसऱ्यांदा पार. रोज तेच. मी कळवळून सांगायचो, "वहिनी, चूक रोज वाजवली की तीसुद्धा पाठ होते. लेण्याद्री चढताना ठेच लागली तर खाली जाऊन परत पहिल्या पायरीपासून सुरुवात करता का?"

"नाही सर. पण तिथं खाली बाऊजी ऐकत बसलेले नसतात."

मग मी ती एकच जागा धरली. क्लासात बाकी काही वाजवायचं नाही, घरी ही रचनाच काढायची नाही. तीन आठवडे फक्त तेवढे सूर, गोगलगायीच्या चालीनं.

त्यानंतर क्लासचा कार्यक्रम होता. बाऊजी आले, पहिल्या रांगेत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. ती जागा आली. वहिनी थांबल्या नाहीत. सरळ पार झाल्या आणि रचना पुरी केली. टाळ्या पडल्या, दत्ताभाऊनं शिट्टी मारली. मला इतका आनंद झाला की डोळे पुसावे लागले. बाऊजी उठले, टोपी घातली आणि न बोलता निघून गेले. मला फार राग आला त्यांचा.

दुसऱ्या दिवशी वहिनी क्लासला आल्या. मी विचारलं, "बोलले का काही?"

"बोलले. सकाळी चहा द्यायला गेले तेव्हा. म्हणाले, सगळं छान झालं, पण मधलं ते का गाळलंस? दोनदा जाते, परत येते, मग तिसऱ्यांदा पुढं जाते, ते. म्हणाले, दुपारी ते आलं की मी गिऱ्हाइकालाही जरा थांब म्हणतो."

वहिनींनी गिटार मांडीवर घेतली, पाय स्टुलावर ठेवला.

"सर, ते परत बसवायचंय."