पहिल्याच गाडीवरचं स्वस्तिक मी पुसलं

१. आज सकाळी वडवणीत गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन गाडी चमकवून देण्याचं माझं पहिलं काम होतं.
२. सामान स्कूटीवर नेलं: दोन बादल्या, फडकी, वॅक्स आणि नवा फवारणी पंप. गाडी धुण्याचं मशीन अजून परवडत नाही.
३. बॉनेटवर पूजेचं कुंकवाचं स्वस्तिक होतं. कुंकवाचा डाग रंगात उतरतो, म्हणून आधी तेच साफ केलं.
४. गाडीच्या मालकीणबाई चहा घेऊन आल्या आणि बॉनेटकडे बघतच राहिल्या.

"पोरी, स्वस्तिक कावून पुसलंस? इचारायचं तरी!"

गल्लीतले चार-पाच जण बघत होते. इथे नाव खराब झालं असतं, तर वडवणीत दुसरं काम मिळालं नसतं. डागाचं कारण ओठांवर आलं होतं, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

"चुकलं, काकू. वॅक्स लावते, मग तुम्ही स्वतः नवं स्वस्तिक काढा. वॅक्सवरून कुंकू रंगापर्यंत जात नाही."

वॅक्स झाल्यावर काकूंनी ओल्या कुंकवात बोट बुडवलं. पहिली रेघ घसरली.

"लई गुळगुळीत केलीस की गं!" त्या हसल्या.

समोरचे काका म्हणाले, "उद्या आमची बी धू. फक्त आमच्या गणपतीला हात लावू नको."

घरी येऊन वहीत गिऱ्हाइकाला विचारायचा पहिला प्रश्न लिहिला: 'गाडीवरचं काय पुसायचं नाही?' शुक्रवारी चौसाळ्यात काम आहे. तिथे गाडी द्यायची असेल, तर तुमच्या गाडीवर न पुसण्यासारखं काय आहे, ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा.