पाणी गेलं कुठं?

भाऊबीज झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोंदियातून निघालो. आम्ही म्हणजे मी, माझी पत्नी सुलोचना आणि बारा वर्षांनी रस्त्यावर आलेली आमची जुनी निळी मोटार. जायचं होतं सालेकशाच्या पुढे, सुलोचनाच्या माहेरी. तिथे त्या दिवशी मंडई (दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरणारी जत्रा) होती. मंडईला लेकी, जावई, भाचे सगळे गावात जमतात.

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. बस होती, रेल्वेही होती. पण सुलोचनाच्या धाकट्या भावाने, हिरालालने, फोनवर सांगितलं होतं, "भाटोजी (बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे असं म्हणतात), मोटार घेऊनच या. तायनं जाळलेली मोटार नातवायले दाखवाची आहे." सुलोचना शेजारी उभी राहून ऐकत होती. ती सवयीने हसली.

चौतीस वर्षांपूर्वी ती मोटार चालवायची. त्या काळी गोंदियात मोटार चालवणारी बाई पाहायला लोक दुकानाच्या पायऱ्या उतरून खाली येत. एका मे महिन्यात ती माहेरी निघाली, मी शेजारी बसलो होतो, आणि गाव दोन कोसांवर असताना इंजिन उकळून बंद पडलं. मोटार बैलजोडी लावून गावात न्यावी लागली. तेव्हापासून दर मंडईला हिरालाल तो प्रसंग रंगवून सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. सुलोचनाने त्या दिवसानंतर स्टीअरिंगला हात लावला नाही. खरं काय घडलं होतं ते मला एकट्याला माहीत होतं. या खेपेला ते तिला सांगायचंच, म्हणून मी गाडी बाहेर काढली होती. आमगाव येईपर्यंत सांगून टाकू, असा माझा बेत होता.

गाडी इतकी वर्षं एका मित्राच्या राइस मिलच्या गोदामात ताडपत्रीखाली उभी होती. गॅरेजवाल्याने नवी बॅटरी बसवली, ऑइल बदललं आणि टाकी उतरवून धुवायला सांगितली. मी म्हटलं, ते पुढच्या खेपेला पाहू. जुन्याच्या वर नवं पेट्रोल ओतलं आणि निघालो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती. बांध्यांमध्ये (धानाच्या छोट्या शेतांना आम्ही बांधी म्हणतो) कापलेल्या धानाच्या ओळी उन्हात पडल्या होत्या. सुलोचना कोणाचं धान कुठल्या जातीचं ते ओळखून सांगत होती. आमगाव आलं. मी धानाच्या भावाबद्दल विचारलं. आमगाव मागे पडलं.

पुढच्या पहिल्याच चढाला गाडीचा जोर गेला. इंजिन चालू, आवाज ठीक, पण पाय दाबावा तितकी ती मंद व्हायची. शेवटी मला बाजूला घ्यावी लागली. दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू केली, तर किलोमीटरभर छान पळाली आणि मग तेच.

"तुमच्यासारखंच झालं आहे हिचं," सुलोचना म्हणाली. "बसली की बरी, चालली की धाप."

असं तीनदा झाल्यावर एका मोहाच्या झाडाखाली गॅरेज दिसलं. मालकाचं नाव भोजराज. पन्नाशीचा माणूस, एका ट्रॅक्टरखालून बाहेर आला. त्याने आधी सुलोचनासाठी बाज टाकली, शेजारच्या टपरीवरून चहा आणि आलूबोंडे मागवले आणि मग गाडीकडे वळला.

"कितने साल खडी थी?"

"बारा."

"कुठं?"

"राइस मिलमध्ये."

त्याने एअर फिल्टरचा डबा उघडला आणि मला हाक मारली. डब्यात पसाभर धान होतं, वर पोत्याच्या सुतळीचं घरटं. उंदरांनी बारा वर्षं तिथे कोठार चालवलं होतं.

"काकाजी, हे धान खाऊन राहिली होती तुमची गाडी. श्वास कुठून घेईन?"

सुलोचना इतकी हसली की तिच्या बशीतला चहा सांडला. मला वाटलं, सुटलो. पण डबा साफ करून भोजराजने गाडी चढावर नेऊन आणली, तर जोर अजूनही येत नव्हता. मग तो इंजिनावर वाकला आणि बराच वेळ हात लावून पाहत राहिला.

"इंजिनाचं वरचं हेड खोललेलं आहे हिचं. काऊन खोललं होतं?"

मी उत्तर देण्याआधी बाजेवरून सुलोचना म्हणाली, "माझ्यानं जळली होती, भाऊ. पाणी संपलं अन् मी गरमीचा काटा पाहिलाच नाही."

"पाणी संपलं म्हणजे? गेलं कुठं?"

"आता मले काय माहीत. संपलं."

"असं नाही संपत, बाई. पाण्याले रस्ता लागते. रेडिएटर फुटला होता?"

"नाही."

"पाइप?"

"नाही म्हणे. सगळं चांगलं होतं."

भोजराजने हात पुसले. "मग इंजिनच पाणी पेलं असन. ब्लॉकमध्ये चीर आहे. तसं असलं तर मी हात नाही लावत. ट्रॅक्टरले बांधून गोंदियाले परत न्या."

चौतीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. हिरालालने नाही, गोंदियाच्या मिस्त्रीने नाही, सुलोचनाने स्वतःलाही नाही. बाई चालवत होती, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं होतं.

"चीर नाही," मी म्हणालो. "रेडिएटरच्या खालची तोटी उघडी होती. त्या दिवशी सकाळी पाणी बदलायला मीच उघडली होती. नीट बंद केली नाही."

"पक्कं?"

"मी डोळ्यांनी पाहिली. गाडी बंद पडल्यावर बॉनेट उघडलं, तेव्हा थेंब पडत होते. हात घालून बंद केली आणि कोणाला सांगितलं नाही."

"मग इंजिन ठीक आहे," भोजराज म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. "टाकी पाहू." तो बादली आणायला गेला.

सुलोचना बाजेवरून उठून गाडीपुढे आली. "कुठं असते ते तोटी?" मी दाखवली. गुडघ्यावर हात ठेवून ती वाकली, हात आत घातला आणि ती पितळी कळ बोटांनी चाचपून पाहिली. मग सावकाश सरळ झाली.

"मी तेव्हा विचारलं होतं तुम्हांले, काय दिसलं म्हणून. तुम्ही म्हणाले, काही नाही."

"हो."

"सुषमा अठरा वर्षांची होती, तिले मोटार शिकायची होती. मीच शिकू नाही दिलं. म्हटलं, बायकांच्या हातून होत नाही हे, माझ्याकडे पाह." सुषमा आमची एकुलती एक मुलगी, नागपूरला असते. "माझं एक वेळ जाऊ द्या. तिचं काय?"

बाजेकडे परत जाताना ती म्हणाली, "जिथं हसले तिथं सांगा. हिरालालच्या आंगणात."

टाकीतून निघालेलं पेट्रोल काळ्या चहासारखं होतं. ते फडक्यातून गाळल्यावर गंजाची मूठभर साल वर राहिली. गाडी पेट्रोल ओढू लागली की हा गंज नळीच्या तोंडाशी येऊन बसतो, थांबली की खाली पडतो. भोजराजने टाकी दोनदा धुतली, नळी हवा मारून मोकळी केली, फिल्टर बदलला आणि कार्ब्युरेटर साफ केला. निघताना तो सुलोचनाला म्हणाला, "आता चालवा बाई, काही नाही होत."

"माझं लायसन कधीचं मेलं," ती म्हणाली आणि शेजारच्या सीटवर बसली. तो चढ गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. सालेकशाच्या पुढे सागाचं जंगल दोन्हीकडून जवळ आलं. सुलोचनाने एकाही झाडाचं नाव सांगितलं नाही.

गावात पोचलो तेव्हा मंडई भरली होती. चौकातून दंडारीच्या (इथलं लोकनाट्य) ढोलकीचा आवाज येत होता. हिरालालच्या अंगणात वीसेक माणसं लाखोरीच्या डाळीचे वडे खात बसली होती. सुलोचनाचं माहेर पोवारांचं. घरात पोवारी बोलतात, माझ्यासाठी मराठीवर येतात. हिरालालने गाडीभोवती एक फेरी मारली आणि सुरुवात केली, "तर मे महिना होता, अन् आमची ताय..."

"थांब," मी म्हणालो आणि उभा राहून सगळं सांगितलं. तोटी कोणी उघडली, कोणी बंद केली, कोण गप्प बसलं.

अंगण हसू लागलं. "पाहा, भाटोजी म्हातारपणी बायकोले वाचवून राहिले," हिरालाल म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले. माझं खोटं त्यांनी चौतीस वर्षं शंका न घेता मानलं होतं, आणि खरं दोनदा सांगूनही पटत नव्हतं.

"हिरालाल," सुलोचनाने वड्यांची थाळी खाली ठेवली. "खरं आहे ते."

हिरालालच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "मग मी इतके वर्ष कायले हसलो?" त्याने मला विचारलं.

"मी हसू दिलं म्हणून."

त्याने माझ्याशी पुढे तासभर बोलणं टाळलं. जेवताना मात्र त्याने पहिलं ताट सुलोचनाला वाढलं आणि स्वतः तिच्यापाशी बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोंदियाला परतलो. गाडी वाटेत एकदाही थांबली नाही. घरी येताच सुलोचनाने सुषमाला फोन लावला, "बाबांले काही सांगायचं आहे," म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. अंगणात सांगितलं त्यापेक्षा हे अवघड गेलं.

"बाबा," शेवटी ती म्हणाली, "मी शिकले आहे. आठ वर्षं झाली. आई घाबरेल म्हणून बोलले नाही. गोंदियाला येते तेव्हा गाडी बसस्टँडजवळ ठेवते आणि तिथून रिक्षाने घरी येते."

आठ वर्षं मी दार उघडून तिला विचारत आलो होतो, बसला गर्दी होती का. ती म्हणायची, होती थोडी. माझ्या एका गप्प बसण्याने माझ्या मुलीलाही खोटं बोलायला लावलं होतं, आणि तेही आईची काळजी म्हणून. पंचाहत्तरी उलटल्यावर माणसाला वाटतं की आपल्या चुका आता आपल्यापुरत्या उरल्या. त्या तशा उरत नाहीत. म्हणून हे लिहून ठेवलं आहे, अंगणात जे हसले त्यांनी वाचावं यासाठीही.

मी सुषमाचं बोलणं सुलोचनाला सांगितलं. तिने पदराने चष्मा पुसला.

"तिले म्हणा," ती म्हणाली, "पुढच्या खेपेला गाडी दारात लाव."