झडतीताईंचा प्रश्न

झडतीताईंनी फोन उचलून कधी ‘हॅलो’ म्हटल्याचं मला आठवत नाही. आधी प्रश्न यायचा. मी “शेळके बोलतोय” म्हटलं की पलीकडून, “कशावरून? परवा माझ्या चहात काय पडलं हुतं?” माशी, असं सांगितलं की मगच पुढचं बोलणं. आवाज काय, कुणीही काढतं, आता तर मशीनसुद्धा काढतं, असं त्यांचं म्हणणं. प्रश्न दर वेळी नवा, आणि उत्तर त्यांना आणि समोरच्याला, दोघांनाच ठाऊक असलेलं.

सुप्याच्या एमआयडीसीत आमचा पत्र्याचे सुटे भाग काढायचा कारखाना. मी तिथे ड्रॉइंगं सांभाळतो. चोर कॉम्प्युटरमध्ये शिरून सगळ्या फायलींना कुलूप घालतात आणि किल्लीसाठी खंडणी मागतात. त्यांच्यापासून आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांना वाचवणं, हा ताईंचा धंदा. माहेर राहुरीचं, राहायला नगरला. स्कूटी लावली की पाण्याचा ग्लास हातात घ्यायच्या आधी टेबलांचे खण उघडून बघायच्या, कुठे पासवर्डची चिठ्ठी सापडते का. म्हणून आम्ही ठेवलेलं नाव झडतीताई. साहेबांच्या कीबोर्डखाली एकदा चिठ्ठी सापडली, तेव्हा साहेब चक्क उठून उभे राहिले होते.

“कॉपी काढून ठेवलीय” म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. “परत आणून दाखवा,” म्हणायच्या. मग दुसऱ्या कोऱ्या कॉम्प्युटरवर कॉपीतलं ड्रॉइंग उघडून दाखवावं लागे. कॉपी झाली की डिस्कची वायर काढायची आणि डिस्क कपाटात, हा नियम. जोडलेली डिस्क चोराच्याच हातात, असं त्या बजावायच्या. शिवाय दुसरी एक डिस्क साहेबांच्या सहीच्या पाकिटात सील करून त्या राहुरीला वडिलांच्या घरी नेऊन ठेवायच्या, ज्वारीच्या कोठीत. मला हे पटत नव्हतं. “ही बाई आपली ड्रॉइंगं बाहेर विकत तर नसेल?” असं मी साहेबांच्या कानावर घातलंही होतं. आज त्याची लाज वाटते.

त्या साली खंडेनवमीला आम्ही नेहमीसारखी हत्यारांची पूजा मांडली. प्रेस, डाय, पाने, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. ड्रॉइंगं जपणारी डिस्क तेवढी कपाटात कशाला, म्हणून सगळ्यांच्या मताने तीही टेबलावर आली. लोक प्रसादाला अंगणात गेले आणि मी एकटा मागे राहिलो. सगळ्या यंत्रांचे दिवे चालू, आणि डिस्क तेवढी मेल्यासारखी पडलेली. मला कसंसंच झालं. मी तिची वायर कॉम्प्युटरला जोडली. निळा दिवा लागला, मी नमस्कार केला. पूजेतली वस्तू दसरा होईपर्यंत हलवायची नाही, ही आमच्याकडची रीत. तशीच ठेवून घरी गेलो.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला तेव्हा प्रत्येक पडद्यावर खंडणीची चिठ्ठी होती. एकही ड्रॉइंग उघडेना. डिस्कवरचंही नाही. ड्रॉइंगाशिवाय प्रेस म्हणजे नुसतं लोखंड. चहाच्या टपरीवर लोक एकमेकांकडे पाठ करून बसू लागले. चोराला आत घेणारा मेल कुणी उघडला, तो कुणाचा पाहुणा आहे, असली कुजबुज. माझी सतरा वर्षांची नोकरी जाणार, आणि साठ माणसांची भाकरी बुडवली म्हणून नाव राहणार.

ताईंनी आल्या आल्या सगळ्या नेटवर्कच्या वायरी उपटल्या. साहेब खंडणी द्यायला निघाले होते. “पैसे घेऊन किल्ली देतीलच कशावरून?” म्हणून ताईंनी थांबवलं. मग एकेकाला केबिनमध्ये बोलावलं.

“डिस्क टेबलावर कुणी ठिवली?” त्यांनी मला विचारलं.

“वायर मी नाही लावली,” मी म्हणालो.

त्यांचं पेन थांबलं. वायरीचं त्यांनी अजून कुणाकडेच काढलं नव्हतं. हे माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा त्यांनी वही मिटलीसुद्धा होती. “जावा तुमी,” एवढंच म्हणाल्या.

राहुरीच्या कोठीतलं पाकीट आलं. सही शाबूत होती. सगळे कॉम्प्युटर पुसून कोरे केले, आणि ताईंनी पहिलं ड्रॉइंग माझ्याकडूनच उघडवून घेतलं. उघडलं. आठवड्यात प्रेस सुरू झाले. त्यांच्या अहवालात वाक्य होतं, ‘पूजेच्या वेळी डिस्क जोडलेली राहिली.’ नाव कुणाचंच नव्हतं. निघताना त्या साहेबांना म्हणाल्या, “पूजेला मला का न्हाई बोलावलं?” ताई बौद्ध घरातल्या, त्यांना काय सांगायचं, असं आमचं आम्हीच ठरवून टाकलं होतं. “मी हात जोडले नसते, पर वायर बघितली असती की,” त्या म्हणाल्या आणि स्कूटी सुरू केली.

पुढे त्या बंगळूरला मोठ्या नोकरीवर गेल्या. माझ्याशी त्या वायरीबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि मलाही तोंड उघडायचा धीर झाला नाही. आता खंडेनवमीला पूजेत कोरी डिस्क असते. खरी कपाटात, आणि किल्ली माझ्या गळ्यात.

यंदा पूजा मांडत असतानाच ताईंच्या नावानं मेल आला, सोबतची फाईल लगेच उघडा म्हणून. मला संशय आला. मी तिथूनच फोन लावला.

“ताई, शेळके बोलतोय. तुमच्या नावानं एक मेल...”

“थांबा. शेळके कशावरून? त्या साली वायर कुणी लावली हुती?”

समोर सगळा कारखाना उभा होता. साहेबांच्या हातात नारळ. फोन घेऊन बाहेर जाता आलं असतं. गेलो नाही.

“मी लावली होती, ताई. मीच.”

साहेबांचा नारळ धरलेला हात तसाच वर राहिला.

“व्हय, शेळकेच हायेत,” पलीकडून आवाज आला. “आता सांगा, फाईल उघडली का?”

“नाही उघडली,” मी म्हणालो, आणि भरलेले डोळे सगळ्यांसमोर पुसले.