चुकलेल्या ठोक्याचं निमित्त

माझ्या हृदयाचे ठोके चुकायचे, हे खरं आहे. पण ज्या दिवशी ते चुकले असं मी सांगून टाकलं, त्या दिवशी ते अगदी सुरळीत चालू होते. त्या खोट्यात माझ्या सगळ्यात जवळच्या दोस्ताची नोकरी गेली. नामांतराचं आंदोलन पेटलेलं होतं त्या काळातली ही गोष्ट आहे.

मी तेव्हा पंचविशीच्या आत होतो आणि चांगलाच जाड होतो. पैठणजवळच्या गावातून शहरात आलो, तो घरच्या दुधातुपाचा ऐवज अंगावर घेऊनच. वाळूजला नवे नवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकात मला ड्रिलिंग मशीनवर काम मिळालं. कँटीनमध्ये भात पाहिजे तितका वाढायचे. ती सवलत माझ्यासारख्याला द्यायला नको होती. सुट्टीच्या दिवशी शहरात मटणाचा नान-खलिया असायचाच.

एक दिवस मशीनसमोर उभा असताना छातीत काहीतरी उलटलं. जुन्या एसटीचा गिअर पडताना बसतो तसा एक हिसका, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग एक मोठा ठोका. मला घाम फुटला. त्या दिवसापासून माझा डावा हात कामाला आणि उजवा हात डाव्या मनगटावर, अशी विभागणी झाली. मी डाव्या कुशीवर झोपणं सोडलं. खोलीची कडी लावणंही सोडलं, कारण आपण गेलो तर लोकांना दार फोडावं लागू नये. मी काही गेलो नाही. घरमालकिणीची मांजर मात्र रोज आत येऊन माझं दूध पिऊन जायची.

डॉक्टरकडे जायची हिंमत नव्हती. डॉक्टर खरं सांगतील याची भीती होती.

ही गोष्ट मी फक्त एकाला सांगितली. तो माझ्या शेजारच्या मशीनवर होता, शहरातलाच, भडकल गेटच्या बाजूला राहणारा, काटकुळा आणि सतत बोलणारा. कंपनीच्या बसमध्ये तो माझ्यासाठी जागा धरायचा, म्हणजे सीटवर आडवा पडून राहायचा. "पैलवानाला दोन माणसांची जागा लागते, राव," असं तो सगळ्या बसला ऐकवायचा. मी बसलो की माझं मनगट हातात घ्यायचा आणि डोळे मिटून गंभीर चेहरा करायचा.

"काय म्हणतं?" मी विचारायचो.

"म्हणतं, याला कँटीनला जाऊ देऊ नका."

"चेष्टा नको, यार. खरं सांग."

"खरंच सांगतो. लई मजबूत चाललंय. आता बिचाऱ्याला एवढा मोठा माणूस ओढायचाय, मधी एखादवेळी दम खाणारच ना!"

मला हसू यायचं, आणि हसताना छातीत काही होतंय का तेही मी बघायचो. पण त्याने मनगट सोडलं की पाळी संपेपर्यंत मला बरं वाटायचं.

तो टेंपररी होता. टेंपररी माणसाची गैरहजेरी लागली की 'ब्रेक' मिळायचा, म्हणजे आज घरी जा, परत बोलावू तेव्हा ये. बोलावतीलच असं नाही. म्हणून आमच्या शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या विभागात, एक पद्धत पडली होती. कुणाला फार निकड असली तर दुसऱ्या पाळीचा माणूस त्याच्या मशीनवर उभा राहायचा, नंतर याने त्याची फेड करायची. मशीन चालू दिसलं की सुपरवायझर डोळेझाक करायचे.

एके दिवशी तो मला म्हणाला, "परवा क्रांती चौकात नामांतराचा सत्याग्रह आहे. आमच्या वस्तीतले सगळे चाललेत. पोलीस गाडीत घालून नेतील, संध्याकाळी सोडतील. या आठवड्यात माझी पहिली पाळी आहे, तुझी दुसरी. तू उभा राहशील?"

"राहीन की," मी म्हणालो.

"दोन पाळ्या होतील तुला. छातीचं काय?"

"होईल रे. तू जा."

हे मी मनापासून बोललो होतो. विद्यापीठाचं नामांतर व्हावं असं मलाही वाटायचं. पण हे मी फक्त त्याच्यासमोर बोलायचो. गावाकडे माझ्या घरात या विषयावर वेगळीच भाषा होती आणि तिथे गेलो की मी जेवणात मान घालून बसायचो.

आमचा सुपरवायझर माझ्याच गावचा, भावकीतला. माझी नोकरीही त्याच्याच शब्दावर लागली होती. आदल्या दिवशी तो चहाचा पेला घेऊन माझ्याजवळ आला.

"काय रं, उद्या तू त्याच्या मशीनवर उभा राहणार म्हणं?"

"व्हय. त्याचं काम आहे जरा."

"काम कसलं ते सगळ्या शॉपला ठाव हाय. तू भला माणूस, मी काय म्हणत नाय. पण गावाकडं तुझ्या वडलांच्या कानावर गेलं तर मला इचारतील. मी काय सांगू?"

एवढंच बोलून तो गेला. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. मला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कपडे घालून मी खाटेवर बसून राहिलो. बसची वेळ जवळ येत चालली होती. मी मनगट धरलं. एखादा ठोका चुकावा, म्हणजे खोटं बोलावं लागणार नाही, म्हणून मी वाट पाहत होतो. महिनोन्‌महिने छळणारं ते हृदय त्या सकाळी शाळेतल्या कवायतीसारखं चाललं होतं. बस गेली. मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून कंपनीत फोन केला, छातीत दुखतंय म्हणून सांगितलं, आणि परत येऊन झोपलो. डाव्या कुशीवर.

संध्याकाळी दार ढकलून तो आत आला. पोलिसांनी सोडल्यावर त्याला शॉपमधल्या कुणाकडून तरी कळलं होतं. घोषणा देऊन घसा पार बसलेला, सदऱ्याची बाही उसवलेली आणि हातात मोसंब्यांची पिशवी. त्याच्या मशीनचं काय झालं ते त्याने विचारलंच नाही.

"मूर्खा, दार उघडं टाकून झोपलास?" बसलेल्या आवाजात तो ओरडला. "मी सकाळीच यायला पाहिजे होतं. माझ्यामुळं टेन्शन घेतलंस तू. दोन पाळ्यांचं."

त्याने मनगट धरलं. नेमका तेव्हा एक ठोका चुकला. त्याला तो लागला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मला खरं सांगायचं होतं. त्याऐवजी मी मोसंबी सोलत बसलो.

दुसऱ्या दिवशी कंपनीला सुट्टी होती. सकाळीच त्याने मला ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. छातीला तारा लावल्या, ठोक्यांच्या आलेखाची कागदी पट्टी निघाली. डॉक्टरीणबाईंनी ती पाहिली आणि विचारलं, "चहा किती पिता?"

"मिळेल तेवढा," माझ्याऐवजी त्यानेच उत्तर दिलं.

"ठोका चुकत नाही हा, जरा लवकर येतो. मग पुढचा थांबून येतो, तोच तुम्हाला जाणवतो. तुमच्या पट्टीत काळजीचं काही नाही. चहा कमी करा, वजन उतरवा, नीट झोपा. आणि ते मनगट सोडा आधी."

बाहेर आल्यावर त्याने मला मिठी मारली. त्याचे हात माझ्या पाठीमागे जुळत नव्हते, त्यावरही तो हसला. मग त्याने शहागंजला नेऊन मला इमरती खायला घातली. वजन उतरवायचा सल्ला मिळून तासही झाला नव्हता.

त्या दिवशी त्याचं मशीन बंद राहून गैरहजेरी लागली होती; त्याच आठवड्यात त्याला ब्रेक मिळाला. कंपनीने परत बोलावलं नाही. तो एका वेल्डिंगच्या दुकानात लागला. पुढे त्याने स्वतःचं दुकान टाकलं आणि त्याचं माझ्यापेक्षा बरं चाललं. हे सांगून मी स्वतःला कितीदा सोडवायचा प्रयत्न केला असेल. पण त्याला बरे दिवस आले ते त्याच्या हिमतीने, माझ्या खोट्यामुळे नव्हे.

मला पहाटे चालायला लावायचं हे त्याने स्वतःहून अंगावर घेतलं. मकई गेटातून बाहेर, पूल ओलांडून, बेगमपुऱ्यातून विद्यापीठाच्या गेटापर्यंत. तिथे हात लावून परत. "आधी नाव बदलतंय का आधी तुझं पोट उतरतंय, शर्यत लावू," तो म्हणायचा. आम्ही कितीतरी वर्षं चाललो. माझी पहिली पाळी असली की खंड, त्याच्या दुकानात घाई असली की खंड, पण चाललो. ठोके अधूनमधून लवकर यायचे; मी त्यांना येऊ द्यायला शिकलो. रोज त्या गेटापाशी मला वाटायचं, आज सांगू. रोज तो काहीतरी विनोद करायचा आणि मी हसून परत फिरायचो.

शेवटी एका संक्रांतीला नाव लागलं. सकाळीच तो स्वतःच्या मोटारसायकलवर आला, मागे बायकोने दिलेला तिळगुळाचा डबा. "चल पैलवान, शर्यत संपली. हरलास तू!" माझ्या पोटाकडे बघून तो म्हणाला.

गेटापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. निळे झेंडे, ढोल, गुलाल, म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. तोही रडत होता आणि हसतही होता. त्याने डबा उघडून माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवला आणि सवयीने मनगट धरलं. माझं हृदय धडधडत होतं. या वेळी कारण मला माहीत होतं.

"मी त्या दिवशी आजारी नव्हतो," मी म्हणालो.

ढोलात त्याला काहीच ऐकू गेलं नाही. त्याने कान पुढे केला. मग मी ओरडून सांगितलं, आजूबाजूची माणसं वळून बघत होती तरी सांगितलं:

"सत्याग्रहाच्या दिवशी मी आजारी नव्हतो! सुपरवायझरला घाबरलो, घरच्यांना घाबरलो. तुझी नोकरी माझ्यामुळं गेली. तू मोसंबी घेऊन आलास, तेव्हाही सांगितलं नाही. माझं चुकलं, दोस्ता. मला माफ कर."