निंबाखालची रांग

फौजेतून परत आलो तेव्हा गावाने मला उघड्या जीपमधून मिरवलं. डीजे होता, गुलाल होता, चौकाचौकात बायकांनी ओवाळलं. माझ्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं, आणि मी नोकरीत असतानाच बी.ए. झालो होतो. जीपमध्ये उभा राहून वाटलं, आता आपल्याला या जिल्ह्यात कामाची काय कमी?

फौजेत मी नर्सिंग असिस्टंट होतो. बंदूक सरावापुरती चालवली. बाकीची सगळी वर्षं मलमपट्टी केली, सलाइन लावलं, मोडलेल्या हाडांची माणसं स्ट्रेचरवरून उतरवली. म्हणून आधी वाशीमला एका खासगी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी चहा पाजला, देशसेवेबद्दल आभार मानले आणि नर्सिंगची नोंदणी विचारली. फौजेतल्या माझ्या प्रशिक्षणाची तशी नोंदणी नव्हती. त्यांनी मला एकदा वरून खाली पाहिलं. "गेटवर माणूस हवाय. पेशंटचे नातेवाईक फार गोंधळ घालतात. तुमची उंची चांगली आहे."

पुढच्या दवाखान्यांतही उंचीचंच कौतुक झालं. मुलांची शिक्षणं व्हायची होती आणि नुसत्या पेन्शनवर ती होणार नव्हती. शेवटी मंगरूळपीरच्या बाहेर, पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकादमीत मला बोलावणं आलं. पत्र्याची शेड, मुरमाचं मैदान, कडेला एक मोठा निंब. संचालक स्वतः कधी फौजेत नव्हते. मी पोचायच्या आधीच त्यांनी फ्लेक्स छापला होता. त्यावर माझा फोटो आणि खाली 'कमांडो ट्रेनिंग'.

"सर, मी कमांडो नव्हतो."

"पोरायले कुठं माहीत हाय? अन हे पाहा मेजर, महिनाभर पाहू आपण. पालकायच्या रविवारी रगडा दिसला पायजे. मायबाप तेच पाहाले येतात. नाही दिसला तं दुसरा मेजर पाहू." आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो.

रगडा म्हणजे शिक्षा म्हणून घडवलेली मेहनत, रांगणं, बेडूकउड्या, सोबत शिव्या. मी तो खाल्ला होता, कधी कोणाला दिला नव्हता. तरी हो म्हटलं, कारण ही नोकरी मला हवी होती.

अकादमीत धनजकडची एक मुलगी होती. बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचा आणि हंगाम संपला की कामासाठी बाहेरगावी जायचा. मुलींमध्ये तिच्यापुढे कोणी निघत नव्हतं. पालकांच्या रविवारच्या आदल्या दिवशी ती पाय ओढताना दिसली. नडगीवर बोट दाबलं तर एकाच जागी तिचा श्वास अडकला. एका पायावर उडी मारायला सांगितली, ती मारता येईना. हे दुखणं मी कितीतरी जवानांच्या पायात पाहिलं होतं. हाडाला बारीक चीर जाते. विसावा दिला तर भरून येते, पळत राहिलं तर हाड मोडतं.

"सर, उद्या बाबा येऊन राह्यले," ती म्हणाली. "उद्याच्या दिवस पळू द्या. मंग तुमी म्हणसान तशी बसतो."

मी नाही म्हटलं.

आमच्या युनिटमध्ये एक रीत होती. ज्याला डॉक्टरने आराम दिला असेल त्याने सकाळच्या मैदानावर सगळ्यांसोबत यायचं, रांगेतून उजवीकडे बाहेर पडायचं आणि सर्वांदेखत सावलीत बसायचं. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. बसलेला गडी पुढच्या महिन्यात पुन्हा सगळ्यांच्या पुढे धावायचा. ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली होती की रविवारी सकाळी, समोर खुर्च्यांवर पालक बसलेले असताना, मी तिला रांगेतून बाहेर काढलं आणि निंबाखाली बसवलं. निंबाखाली त्या एकटीचीच रांग झाली.

बाप थोडा उशिरा आला. त्याने आधी धावणाऱ्या मुलींमध्ये तिला शोधलं. मग निंबाकडे पाहिलं.

"हे काहून बसली?"

"पायाच्या हाडाला चीर आहे. आराम दिला की भरून येईल."

"आराम तं घरीबी होते, साहेब."

बाजूच्या खुर्चीवरची एक बाई, दुसऱ्या मुलीची आई, मोठ्याने म्हणाली, "पोरीची जात हाय, भाऊ. हाडात खोट हाय म्हणून गावात समजलं तं कोन करन तिले?"

दोन-चार जण हसले. बाप हसला नाही. तो निंबापाशी गेला आणि तिला उठवलं. मी मागे गेलो, समजावलं, भरतीला अजून वेळ आहे म्हटलं. तो हात जोडून ऐकत होता आणि ऐकत नव्हता. ती आपले बूट पिशवीत भरत होती.

"सर, हे टी-शर्ट वापस द्या लागते काय?" तिने विचारलं.

"नाही."

"पळू द्याले पायजे होतं तुमी. मोडलंच असतं ना हाड? मोडू द्याचं होतं."

ते गेल्यावर संचालक शेडमध्ये माझ्यासमोर बसले. "मेजर, तुमी अकादमी चालवून राह्यले का दवाखाना? पुढच्या रविवारी परत बोलावतो मी पालकायले. तुमची शेवटची परेड समजा."

त्याच आठवड्यात तिचं लग्न घाईने उरकलं. मला बोलावणं होतं. बापाने टॉवेल-टोपी देऊन माझा मान केला आणि कोपऱ्यात नेऊन म्हणाला, "साहेब, तुमच्यानं टायमावर समजलं. पोराकडच्यायले पायाचं काही सांगू नोका." मी सांगितलं नाही. ती मांडवात उभी होती, सगळा भार एका पायावर देऊन.

पुढच्या रविवारी मी शिव्या दिल्या. त्या मला सगळ्या पाठ होत्या, इतक्या वर्षांत फक्त ऐकलेल्या. मुलामुलींना मुरमावर कोपरांनी रांगवलं. कोपरं सोलली तेव्हा एका बापाने ओरडून आपल्याच पोरीकडे बोट दाखवलं, "साहेब, हिले अजून!" तिला मी अजून दिलं. मागच्या रविवारी पोरीच्या हाडात खोट काढणारी ती बाई उठून टाळ्या वाजवू लागली.

"आता कसे मिलिट्रीवाले वाटता!" संचालक म्हणाले आणि तिथेच, सगळ्यांसमोर, माझी नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं. मी त्यांचे आभार मानले. मनापासून मानले. माझी मुलं आज त्याच नोकरीवर शिकत आहेत.

परवा सकाळी धावता धावता एक मुलगी थांबली, वाकली आणि तिने नडगी धरली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी निंबाकडे पाहिलं. सावलीत कोणी नव्हतं. मी शिटी वाजवली आणि ती पळू लागली.