बंदराची राख

भाताच्या पेंढ्याचा धूर नाकात शिरला की अजूनही मी जागच्या जागी थबकतो. बोईसरच्या रासायनिक कारखान्यात हयात घालवलेल्या माझ्या नाकाला गंधांचं कौतुक ते काय उरणार? पण हा धूर मला थेट तारापूरजवळच्या त्या कोळीवाड्यात नेऊन उभा करतो.

पुतळे जळताना मी थोडे का पाहिलेत? आमच्या नाक्यावर अधूनमधून एखादा पेटतोच. कागदी मुखवटा, घोषणा, पोलिसांची ओढाओढ, फोटो, की मंडळी चहाला मोकळी. म्हणून किनाऱ्यावर होऊ घातलेल्या बंदराचा पुतळा जाळणार, असं हिरूमावशीनं सांगितलं तेव्हा मी मनात हसलोच. त्याच कोळीवाड्यातली हिरूमावशी वर्षानुवर्षं आमच्या दारी सुके बोंबील घेऊन येते. बंदर झालं तर बोंबील वाळवायची वाळू आणि होड्या लावायची खाडी, दोन्ही जाणार, हे तिचं दुःख.

तरी बघायला गेलो. बंदराला चेहरा कुठला असणार? बायकांनी पेंढ्याचा माणूस केला, डोक्याला मडकं लावलं, फाटका सदरा चढवला. पण त्याला तिरडीवर घेतलं आणि माझं हसू विरलं. भर दुपारी, त्या अथांग निळाईच्या साक्षीनं, ज्या निगुतीनं आपली माणसं पोचवायची त्याच निगुतीनं त्यांनी शत्रूलाही रीतसर पोचवलं.

सवय किती खोल रुजलेली असते! राख निवताच दोघीतिघींनी ती टोपलीत भरली आणि नेहमीच्या पावलांनी भरतीकडे निघाल्या. गुडघाभर पाण्यात पोचल्या, तोच मागून हिरूमावशी कडाडली, "अगो बायांनो, ज्याला दर्यात येऊ द्यायचा नाय म्हणून जाळला, त्याला तुमीच दर्यात सोडता?"

टोपली तशीच थांबली. मग हसू फुटलं, आणि हसता हसता एकीचे डोळे भरून आले.

मी मात्र थक्क होऊन उभा होतो. एवढ्या अफाट सागरात ती टोपलीभर राख कुणाला दिसली असती? हिरूमावशीला दिसत होती. आमच्या कारखान्याचं तांबडं पाणी खाडीकडे जाताना मी वर्षानुवर्षं पाहिलं, आणि नाक धरून पुढे गेलो. त्या दुपारी मला माझीच लाज वाटली.

राख हिरूमावशीनं घरी नेली. बंदराचं पुढे काय होईल, कुणास ठाऊक. परवा ती बोंबील घेऊन आली, तेव्हा मी विचारलं, राखेचं काय केलंस?

"टोप घासते रोज," ती म्हणाली. "अजून शिल्लक हाय."

ती गेल्यावर मी एक बोंबील नाकाशी धरला. त्याला नुसता समुद्राचा वास होता.