क्लचवरचा पाय

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डाव्या सीटवर बसलं, की किस्से शोधावे लागत नाहीत. शेजारचा शिकत असतो, आपण जीव मुठीत धरून बघत असतो. माणसं नाना तऱ्हेची, पण पाय सगळ्यांचा एकाच ठिकाणी!

एक बँकवाले साहेब होते. सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा सोडलेला, गाडी इंचाइंचानं पुढं सरकतेय. मी म्हटलं, "न्यूट्रल करा, पाय काढा. क्लचप्लेट घासतेय." म्हणाले, "मॅडम, हिरवा पडला की मागचे दम धरत नाहीत." सिग्नल सुटेस्तोवर जळका वास आला. साहेबांनी शांतपणे काच वर केली. "लोक रस्त्यावर काय काय जाळतात ना!"

मग एक रिटायर्ड गुरुजी. नवी कोरी गाडी, हारही सुकला नव्हता. मी सांगून सांगून थकले, "चालत्या गाडीत क्लचवर पाय टेकवू नका."

"मग ठेवू कुटं?"

"डावीकडं मोकळी जागा आहे की, तिथं."

दुसऱ्या दिवशी बघते तर त्या जागेवर गुरुजींच्या चपला, जोडीनं. पाय परत क्लचवर. "नव्या गाडीत पायताण घालून कसं बसायचं? जागा तुमीच दाखवली की." मी कपाळावर हात मारला.

पण माझी लाडकी म्हणजे सुमनवहिनी. तिचा नवरा धुळाप्पा पिकअपमधनं शेळ्या बाजारात न्यायचा. क्लच दणकन सोडायचा, हिसका बसायचा, शेळ्या एकमेकींवर. प्लेट दोनदा बदलली, सवय नाही. शेवटी वहिनी शिकली, लायसन काढलं. बाजाराच्या फाटकातनं गाडी स्वतः आत न्यायची, एवढीच तिची हौस. धुळाप्पा म्हणाला, "रस्त्यानं चालव. फाटकापाशी मी घेणार. लोकं हसत्याल."

पहिल्या खेपेला धीर म्हणून तिनं मला मध्ये बसवलं, धुळाप्पा डाव्या दाराशी. क्लच हळू सोडायची, चढाला थांबली तर हँडब्रेक लावायची. शेळ्या उभ्यानं रवंथ करत आल्या. फाटक दिसलं तशी ती गाडी थांबवून उतरली. तिचं तोंड बघून मला धुळाप्पाचा असा राग आला!

ती डावीकडं येऊन बसली, धुळाप्पा स्टिअरिंगवर. त्यानं क्लच सोडला. धाडकन! शेळ्या सगळ्या आडव्या.

फाटकातला म्हातारा व्यापारी मागं डोकावला. "आजारी हायत व्हय रं?"

धुळाप्पानं गाडी बंद केली. उतरला, वळसा घालून डाव्या दाराशी आला.

"उतर. तिकडं बस. शेळ्या उभ्या आत न्यायच्यात."